राजवाड्याची सहल आणि आपला मामा तलाव

दिवाळीच्या सुट्या संपतात, धान कापून होतं, आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये एक विषय हमखास निघतो : यंदा सहल कुठं न्यायची? कोणी वॉटर पार्क म्हणतं, कोणी देवस्थान, कोणी जंगल सफारी. अलीकडे त्यात आणखी एका पर्यायाची भर पडली आहे. खाजगी टूरवाल्यांची पत्रकं व्हॉट्सअॅपवर फिरतात : "एका दिवसात ऐतिहासिक राजवाडे, खाजगी गाडी, चहा-नाश्ता-जेवण आणि माहिती द्यायला गाईड." मुख्याध्यापकांना सोय होते, पालकांना नाव मोठं वाटतं, आपल्यालाही डोक्याचा ताप कमी.

शिक्षक मित्रांनो, मुलांना राजवाडे दाखवावेत असंच माझं मत आहे. वॉटर पार्कपेक्षा राजवाडा केव्हाही बरा. पण गोंदिया जिल्ह्यातल्या मुलांना राजवाडा दाखवायचा असेल तर तो कोणता, दाखवणार कोण, आणि वर्गातली किती मुलं तो पाहणार, या तीन गोष्टी पत्रकावर सही करण्याआधी ठरवायला हव्यात. या लेखात त्याबद्दलच लिहितो आहे.

राजवाडा म्हणजे फक्त पुणे-कोल्हापूर नाही

आपल्या मुलांना राजवाडा म्हटलं की शनिवारवाडा आठवतो. चौथीला शिवछत्रपती शिकलेलं मूल रायगडाचं चित्र बरोबर ओळखतं. चांगलंच आहे. पण आपल्या गोंदिया स्टेशनवरून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट कोल्हापूरला जाते, आणि पुस्तकातले बहुतेक वाडे-गड त्या गाडीच्या दुसऱ्या टोकाला आहेत. मुलाच्या मनात नकळत एक समज तयार होतो की इतिहास तिकडे घडला, इकडे फक्त जंगल आणि धान.

हा समज खोटा आहे. गोंदियापासून रेल्वेने साधारण १३० किलोमीटरवर, सकाळी निघून रात्री घरी परत येता येईल अशा अंतरावर, दोन राजघराण्यांची राजधानी आहे. ती म्हणजे नागपूरचा महाल भाग. आपल्यातले कितीतरी जण महालात लग्नाचा बस्ता बांधायला गेलेले असतात. त्या भागाला 'महाल' का म्हणतात, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

थोडक्यात सांगतो. देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी १७०२ मध्ये बारा वाड्या-वस्त्या एकत्र करून नागपूर वसवलं. 'राजापूर बारसा' हे जुनं नाव त्यावरूनच आलं. त्यांच्यानंतरच्या चांद सुलतान यांनी राजधानी देवगडहून नागपूरला आणली, शहराला तटबंदी केली, वेशी बांधल्या आणि जुम्मा तलाव बांधला. त्यालाच आज आपण शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर म्हणतो. जुम्मा दरवाजा अजून उभा आहे, त्याचं आजचं नाव गांधी गेट. १७३९ मध्ये चांद सुलतान गेले, वारसांत भांडण लागलं, राणी रतनकुंवर यांनी रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. पुढे १७४३ मध्ये सत्ता रघूजींच्या हातात गेली. गोंड राजाला नावापुरता राजा ठेवून तनखा दिला गेला आणि त्यांचं घराणं महालातल्या किल्ल्यात राहत राहिलं.

भोसल्यांनी महालात मोठा राजवाडा बांधला, काळ्या दगडाचा आणि लाकडावर भरपूर कोरीव काम असलेला. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारसाशिवाय वारले. डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. राणी बांकाबाईंचा विरोध असताना राजघराण्याचे हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला गेलं. आणि १८६४ मध्ये तो राजवाडा आगीत जळाला. मोठा दरवाजा, म्हणजे नगारखाना, तेवढा उरला. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला हे आपली मुलं सांगतात. नागपूरचा राजवाडा जळाला हे आपल्यापैकी किती शिक्षकांना ठाऊक असतं?

गाईड काय सांगतो?

आता दाखवणाऱ्याकडे येऊ. गाईड मंडळींबद्दल माझ्या मनात आकस नाही. काही जण फार तयारीचे असतात. पण पॅकेजमध्ये मिळणारा गाईड दिवसाला तीन-चार गट सांभाळतो. प्रत्येक गटाला वीस मिनिटं. त्यात काय सांगून होतं? राजाला राण्या किती, तलवार किती किलोची, भुयार कुठपर्यंत जातं, झुंबर कोणत्या देशातून आणलं. मुलं "अबब" म्हणतात, फोटो काढतात, पुढच्या दालनात जातात. आठवडाभराने विचारा, तलवारीचं वजन आठवतं, बाकी सगळं पुसलेलं असतं.

एकदा एका सहलीत अशाच एका राजवाड्यात मी मुलांसोबत होतो. गाईड जेवणाचं दालन दाखवत होता. रोज किती माणसांची पंगत बसायची ते रंगवून सांगत होता. आपल्याकडची पाचवीतली एक मुलगी मधेच म्हणाली, "एवढ्या लोकायचा भात कोण पिकवे जी?" गाईड हसला. बाकीची मुलंही हसली. तो म्हणाला, "राजाला काय कमी होतं?" आणि सगळ्यांना पुढच्या दालनाकडे घेऊन गेला.

त्या दिवसभरात विचारला गेलेला सगळ्यात मोलाचा प्रश्न तो होता. त्याचं उत्तर देणं गाईडच्या कामात बसत नव्हतं. शिक्षकाच्या कामात बसतं.

कारण उत्तर आपल्याच मुलखात आहे. राजवाडा दगड-लाकडाचा असला तरी उभा राहतो तो धान्यावर. आणि वैनगंगेच्या खोऱ्यात धान्य म्हणजे धान, धान म्हणजे पाणी, आणि पाणी म्हणजे तलाव. चांद्याच्या गोंड राजांबद्दल जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन बक्षीस मिळे. विचार करा, केवढं दूरदृष्टीचं धोरण! राजाने स्वतः खोदकाम केलं नाही, पण ज्यांच्या हातात ती विद्या होती त्यांना जमिनीचा हक्क दिला. कोहळी समाजाने याच भागात तलावांमागे तलाव बांधले. आपल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. सात डोंगरांच्या मधे तो पसरला आहे आणि त्या डोंगरांना लोक 'सात बहिणी' म्हणतात.

तसंच पोवार समाजाचं. भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत त्यांनी चाकरी केली आणि त्या बदल्यात वैनगंगेच्या खोऱ्यात पडीक, जंगलाची जमीन मिळाली, अशी परंपरा आहे. ती जमीन त्यांनी धानाखाली आणली. म्हणजे आपल्या वर्गात शेजारी-शेजारी बसलेल्या गोंड, कोहळी आणि पोवार घरांतल्या मुलांचा नागपूरच्या महालाशी जुना नातेसंबंध आहे. कोणाच्या पूर्वजांचं राज्य होतं, कोणाचे पूर्वज तलाव बांधत होते, कोणाचे फौजेत होते. आणि भात तर सगळ्यांच्याच पूर्वजांनी पिकवला.

हे नातं मुलांना कळलं की राजवाड्यात पाऊल टाकतानाचा त्यांचा भावच बदलतो. ती परक्याचं ऐश्वर्य बघायला आलेली पाहुणी राहत नाहीत. विशेषतः आपल्या देवरी-सालेकसा भागातल्या गोंड मुलांच्या बाबतीत मला हे फार महत्त्वाचं वाटतं. या मुलांना 'आदिवासी' म्हटलं की पुस्तकात जंगल, नाच, मोहफुलं एवढंच दिसतं. उपराजधानीचं शहर एका गोंड राजाने वसवलं, हे त्या मुलाने गांधी गेटपाशी उभं राहून आपल्या शिक्षकाच्या तोंडून ऐकलं पाहिजे. पॅकेजमध्ये ते येईलच याची खात्री नाही. बहुतेक वेळा गाईडची गोष्ट भोसल्यांपासून सुरू होते. भोसल्यांचा पराक्रम मोठाच आहे, सातवीच्या इतिहासात तो येतोही. पण त्यांच्या आधीची पानं गाळून पुस्तक वाचायचं नसतं.

सहलीला न आलेली मुलं

आता जरा कडू बोलतो. खाजगी पॅकेजचा माणशी दर पाहा. शहरातल्या शाळेला तो चालतो. आपल्याकडे सहलीची नोटीस निघते तेव्हा धान नुकतंच केंद्रावर गेलेलं असतं आणि चुकारे आलेले नसतात. काही घरांत तर कापणीची मजुरीच मुख्य कमाई. घरी दोन मुलं शाळेत असतील तर आई एकालाच पाठवते. बहुतेक वेळा मुलग्याला.

मग सहलीच्या दिवशी वर्गातली निम्मी मुलं राजवाडा पाहतात आणि निम्मी मुलं घरी म्हशी पाहतात. दुसऱ्या दिवशी गेलेल्या मुलांकडून आपण निबंध लिहून घेतो : 'आमची सहल'. न गेलेल्या मुलांनी काय लिहायचं? फळ्यावर विषय लिहिताना त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहा, म्हणजे कळेल.

ज्या सहलीला वर्ग जात नाही, फक्त वर्गातली पैसे भरू शकणारी मुलं जातात, त्या सहलीला 'शैक्षणिक' म्हणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पालकांनी स्वतःच्या खर्चाने घरच्या मुलांना खाजगी गाडी करून, गाईड घेऊन राजवाडे दाखवावेत, त्यात काहीच गैर नाही. उलट कौतुक आहे. पण शाळेच्या नावाने निघणारी सहल ही वर्गाची असते.

यावर उपाय आहेत. एसटीची प्रासंगिक करारावरची बस शालेय सहलींना सवलतीत मिळते. रेल्वेच्या अनारक्षित डब्यात पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट लागतं. गोंदिया, तिरोडा, आमगाव, सालेकसा ही सगळी रेल्वेच्या मुख्य मार्गावरची गावं आहेत. डबा घरून न्यायचा. तारीख डिसेंबरच्या सुरुवातीला न ठेवता चुकारे आल्यावर, जानेवारीत ठेवायची. शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडला तर गावातून दोन-चार मुलांचा खर्च उचलणारी माणसं निघतात. मात्र कोणाचा खर्च कोणी उचलला हे वर्गात जाहीर करू नये.

दिवसाची आखणी

केवळ टीका करून थांबणं बरं नाही, म्हणून माझ्या मनातली आखणी देतो. आपापल्या शाळेप्रमाणे बदल करावा.

१) सहलीच्या आधी दोन तासिका : पहिल्या तासिकेत वर्ग गावच्या तलावावर न्यायचा. आपल्याकडे जवळपास प्रत्येक गावाला एक तरी 'मामा तलाव' आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि हे तलाव सरकारकडे आले. पाळ कोणती, तुडूम कुठं, पाणी कोणत्या बांधीत जातं, हे गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून मुलांना ऐकवायचं. दुसऱ्या तासिकेत नकाशावर देवगड, नागपूर, चंद्रपूर आणि आपलं गाव शोधायचं.

२) सकाळ : नागपूर स्टेशनवर उतरल्यावर आधी गांधी गेट. इथं बख्त बुलंद शाह आणि चांद सुलतान यांची गोष्ट. मग शुक्रवारी तलाव. तलावाच्या काठावर मुलांना एकच प्रश्न विचारायचा : राजधानी वसवणाऱ्या राजाने तटबंदीसोबत तलाव का बांधला असेल? ज्या मुलांनी चार दिवस आधी आपल्या गावची पाळ पाहिली आहे, ती याचं उत्तर तुम्ही सांगायच्या आधीच देतील.

३) दुपारपूर्वी : महालातला गोंड राजांच्या किल्ल्याचा परिसर आणि भोसल्यांचा वाडा. इथं एक काळजी घ्यायची. या जागांशी घराण्यांचे वंशज आजही जोडलेले आहेत, लोकांचा तिथं राबता-राहता आहे. आधी पत्र पाठवून परवानगी घ्यावी. नाही मिळाली तर बाहेरून पाहावं, आवाज न करता. दुसऱ्याच्या घरासमोर कसं उभं राहावं, हाही सहलीतला एक धडाच आहे.

४) दुपार : डबा खाऊन मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला. १८६३ मध्ये हे संग्रहालय सुरू झालं. शस्त्रं, नाणी, शिलालेख, गोंड समाजाच्या वस्तू, सगळं एका ठिकाणी पाहायला मिळतं. सोमवारी बंद असतं, हे तारीख ठरवताना लक्षात ठेवा. मुलांना सगळी दालनं पळवत दाखवू नका. प्रत्येकाने एकच वस्तू निवडावी, दहा मिनिटं तिच्यासमोर बसावं, वहीत तिचं चित्र काढावं.

५) परतताना गाडीत : गप्पा. तान्हा पोळ्याला आपली मुलं लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरतात. ही प्रथा नागपूरच्या भोसले राजांनी सुरू केली असं सांगितलं जातं. हे ऐकल्यावर मुलांचे चेहरे पाहण्यासारखे असतात. घरच्या माळ्यावरचा नंदी त्यांना एकदम राजवाड्याशी जोडून देतो.

६) सहलीनंतर : 'आमची सहल' हा नेहमीचा निबंध नको. हे चार प्रश्न द्या.
- हा राजवाडा बांधायला कोणाकोणाचे हात लागले असतील?
- राजवाड्यात रोज जे खाल्लं जायचं ते कुठून येत असेल?
- राजवाडा जळाला, राज्य गेलं, पण राजांच्या काळातलं काय अजून वापरात आहे?
- आपल्या गावात त्या काळातलं काय उरलं आहे? त्याची आज काय अवस्था आहे?

"पण सर..."

मला माहीत आहे, आता आक्षेप येतील.

"एवढा इतिहास आम्हाला कुठं येतो?" वर दिलेला सगळा इतिहास अर्ध्या पानात मावतो. तेवढा वाचून गेलात तरी पुरे. एखादं उत्तर आलं नाही तर मुलांना सांगा, वहीत प्रश्न लिहून ठेवू, शाळेत जाऊन शोधू. शिकणं असंच पुढं जातं. नागपुरात जाणकार स्थानिक अभ्यासक मिळाला तर तासाभरासाठी जरूर बोलवा. फक्त सूत्र शिक्षकाच्या हातात असू द्या, कारण कोणत्या मुलाचं गाव कोणतं, त्याच्या घरी काय पिकतं, हे गाईडला कसं कळणार?

"जबाबदारी मोठी आहे, टूरवाल्याला दिली की आपण सुटलो." कागदावर सुटतो का, हे नीट तपासा. परवानगी, पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचार पेटी, मुलींसोबत शिक्षिका, मोजणी, हे सगळं गाडी कोणाचीही असली तरी शाळेलाच करावं लागतं.

"मुलांना मजा पाहिजे." हो, पाहिजेच. रेल्वेची खिडकी, बाहेरचं सरकणारं वैनगंगेचं पात्र, डब्यातली आलू-वांग्याची भाजी आणि सोबतीला मित्र, यात कमी मजा नाही. कितीतरी मुलांसाठी तो रेल्वेचा पहिलाच प्रवास असतो.

"नागपूर तर नेहमीचंच आहे." दवाखान्यासाठी, लग्नासाठी नेहमीचं. राजधानी म्हणून किती जणांनी पाहिलं आहे?

ज्यांना नागपूर खरोखरच नेहमीचं झालं आहे त्यांनी पूर्वेकडे वळावं. आपल्याच लोहमार्गावर छत्तीसगडमध्ये राजनांदगाव आहे. तिथल्या राजाच्या वाड्यात आज दिग्विजय महाविद्यालय भरतं. मराठी घरात जन्मलेले हिंदीचे मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध तिथं शिकवत होते. डोंगरगडपासून पुढे खैरागड. तिथल्या राजा-राणीने आपली लाडकी लेक इंदिरा हिच्या नावाने राजवाडा संगीत आणि कला शिकवण्यासाठी देऊन टाकला, १९५६ मध्ये तिथं विद्यापीठ सुरू झालं. ज्या दालनांत दरबार भरायचा तिथं आता विद्यार्थी शिकतात. सालेकस्याच्या मुलांना हे पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे.

पालकहो, एक विनंती तुम्हालाही. सहलीची नोटीस आली की "किती पैसे?" एवढंच विचारू नका. "वर्गातली किती मुलं येणार आणि माहिती कोण सांगणार?" हेही विचारा. मुख्याध्यापकांना त्याचं उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर द्यावं लागलं की आखणी आपोआप सुधारते.

त्या पाचवीतल्या मुलीला परतीच्या वाटेवर बसमध्ये मी नवेगाव बांधाची आणि कोलू पाटलांची गोष्ट सांगितली. ती ऐकून तिने दुसरा प्रश्न विचारला, "मंग आपल्या गावचा तलाव कोणं बांधला जी?" तो प्रश्न आम्ही तिच्या गावातल्या म्हाताऱ्यांकडे नेला. तीन घरांतून तीन वेगवेगळी नावं मिळाली. मुलांनी तिन्ही नावं वहीत लिहून घेतली, पुढं तलावाची पाळ पावलांनी मोजली आणि तुडूम कुठं फुटला आहे तेही टिपून ठेवलं. यंदाच्या सहलीची तारीख ठरवण्याआधी आपापल्या गावात एवढं तरी करून पाहा. मुलं स्वतःच सांगतील, पुढं कुठं जायचं ते.